मुठीतले गाणे आणि गाणाऱ्याचे नाव

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले, लढाया, तहनामे आणि सनावळ्या उभ्या राहतात. आमच्या शहरात तर हा इतिहास माणसाच्या पायात येतो. साधी भाजी आणायला निघाले तरी वाटेत एखादा जुना दरवाजा लागतो आणि त्याच्या कमानीखालून जाताना कुठल्या ना कुठल्या सुभेदाराची आठवण निघते. पण राजांनी बांधले तेवढेच इतिहासात घ्यावे आणि लोकांनी खिशात बाळगले ते सोडून द्यावे, हा न्याय मला कधी पटला नाही. म्हणून या दिवाळीत वाचकांपुढे मी एका अगदी क्षुद्र वस्तूचा इतिहास मांडणार आहे. ती वस्तू आगपेटीएवढी, वजनाने सुपारीच्या डबीहूनही हलकी आणि किमतीने दोन-चारशे रुपयांची. तिच्यावर कारखान्याचे धड नावही नसे. बाजारात तिला ‘एमपीथ्री’ म्हणत. आमच्या घरी तिचे नाव ‘गाण्याची डबी’ असे पडले होते.

आरंभीच एक खुलासा केलेला बरा. मलिक अंबरने १६१० साली वसविले तेव्हा हे गाव खडकी होते. पुढे ते औरंगाबाद झाले आणि २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झाले. ज्या काळाविषयी लिहीन त्या काळचे नाव मी वापरीन. नावे बदलतात, काही हरवतात आणि हरवलेली पुन्हा शोधावी लागतात. हा लेखही अखेरीस नावाच्याच प्रश्नापाशी जाणार आहे. गाणे सामान्य माणसाच्या मुठीत कसे आले, आणि येता येता गाणाऱ्याचे नाव वाटेत कोठे सांडले, एवढेच मला पाहावयाचे आहे.

गाणे धरून ठेवण्याची हौस आमच्या परिसरात फार जुनी आहे. बीबी का मकबऱ्याच्या उत्तरेस डोंगरात बौद्ध लेणी आहेत. त्यांतील सातव्या लेण्याच्या गाभाऱ्यात एक नर्तकी कोरलेली असून तिच्या दोन्ही बाजूंना स्त्रिया वाद्ये घेऊन बसल्या आहेत. सहाव्या-सातव्या शतकातले हे काम. हात वाद्यांवर टेकलेले आहेत, नर्तकीची कंबर लयीत वळलेली आहे, एक मैफल जशीच्या तशी दगडात धरून ठेविली आहे. तेथे फक्त आवाज नाही. आणि दुसरे असे की या बायांची नावे नाहीत. ज्यांना पाहून त्या शिल्पकाराने छिन्नी चालविली, त्या कोण होत्या हे आज कोणीही सांगू शकत नाही.

त्यानंतर हजारएक वर्षांनी याच प्रदेशाने नावाचा प्रश्न मोठ्या हुशारीने सोडविला. पैठणचे एकनाथ महाराज दौलताबादेच्या जनार्दनस्वामींचे शिष्य. नाथांचा अभंग घ्या, भारूड घ्या, शेवटच्या चरणात बहुधा ‘एका जनार्दनी’ ही मुद्रा येते. शिष्याचे आणि गुरूचे नाव एकाच शब्दबंधात गुंफलेले! आपण या मुद्रेकडे भक्तीच्या दृष्टीने पाहतो आणि ते योग्यच आहे; पण व्यवहाराच्या दृष्टीनेही ती मोठी सोय होती. कागद दुर्मीळ, छापखाना नाही, गाणे तोंडोतोंडी फिरणार. अशा वेळी नाव गाण्याच्या बाहेर लिहून काय उपयोग? ते गाण्याच्या आतच, तालासुरात बसवून दिले की जो कोणी गाईल त्याला ते घ्यावेच लागेल.

औरंगाबादच्या उर्दू कवींचीही हीच रीत. अठराव्या शतकातील सिराज औरंगाबादी हे मोठे नाव. गझलेच्या शेवटच्या शेरात कवीने आपले टोपणनाव घालायचे, त्या शेराला मक्ता म्हणतात. सिराज या शब्दाचा अर्थ दिवा. आज सिराजची गझल हिंदुस्थानात आणि पाकिस्तानात कव्वालीच्या बैठकीत गायिली जाते, आणि गाणारा मक्त्यापर्यंत पोहोचला की आमच्या गावचा हा दिवा तेथे लागतो. दिवाळीच्या दिवसांत याची आठवण व्हावी हे साहजिकच आहे.

यानंतर यंत्र आले. १९०२ साली फ्रेड गैसबर्ग नावाचा ग्रामोफोन कंपनीचा माणूस कलकत्त्यास येऊन उतरला आणि त्याने गौहरजान हिचे गाणे तबकडीवर घेतले. तबकडी अवघ्या तीन मिनिटांची. ज्या रागाला रात्र पुरत नाही तो तीन मिनिटांत मांडायचा! गौहरजानने तोही चमत्कार केला आणि गाणे संपताच स्पष्ट इंग्रजीत आपले नाव सांगितले. याला गर्व समजू नये. तबकड्या छापल्या जात जर्मनीत हॅनोव्हर येथे. तेथील कारागिरांना कोणते गाणे कोणाचे हे कसे कळावे? म्हणून गाणाऱ्याने शेवटी नाव उच्चारायचे, असा शिरस्ता पडला. नाथांची मुद्रा आणि गौहरजानची ही आरोळी यांत मला तरी फारसे अंतर दिसत नाही. दोन्हींत गाणे परक्या हाती जाणार आहे ही जाणीव आहे आणि नाव सोबत पाठविण्याची काळजी आहे.

मात्र ही तबकडी आणि तिचा कर्णा सामान्य घरात शिरला नाही. तो वाड्यात, हॉटेलात, सिनेमाच्या दारात राहिला. सामान्यांच्या कानी गाणे गेले ते रेडिओमुळे, आणि या बाबतीत औरंगाबादचा मान थोडा वेगळा आहे. १९४७ साली देश स्वतंत्र झाला तेव्हा संस्थानांच्या हद्दीत पाच रेडिओ केंद्रे होती : म्हैसूर, त्रिवेंद्रम, बडोदे, हैदराबाद आणि औरंगाबाद. पुण्यालाही तेव्हा केंद्र नव्हते, हे पुणेकरांनी मनावर घेऊ नये! मराठवाड्यातील माणसाला रेडिओची ताकद कळली ती १७ सप्टेंबर १९४८ रोजी. त्या दिवशी निजामाने हैदराबादच्या रेडिओवरून शरणागती जाहीर केली आणि संस्थानातल्या एका राजवटीचा शेवट लोकांनी कानांनी ऐकला. १९५० साली हैदराबाद आणि औरंगाबाद ही केंद्रे आकाशवाणीकडे गेली.

रेडिओने नावाची बूज राखली हे कबूल केले पाहिजे. निवेदक गाण्याआधी कवीचे, संगीतकाराचे आणि गायकाचे नाव सांगे. आमच्या पिढीला जी नावे पाठ आहेत ती शाळेत शिकलेली नव्हेत, निवेदकांच्या तोंडून ऐकलेली आहेत. परंतु काय ऐकायचे हे ठरविणारा हात आपला नव्हता. केसकर मंत्री झाले आणि १९५२ साली आकाशवाणीवरून सिनेसंगीत हद्दपार झाले. श्रोते उठून रेडिओ सिलोनकडे गेले आणि ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू होईपर्यंत तिकडेच रमले. हार्मोनियमचे तर १९४० पासून तीसएक वर्षे आकाशवाणीशी वाकडे होते. कीर्तनात पेटी चाले, नाटकात चाले, रेडिओवर मात्र नाही! उलट बाजूही सांगितली पाहिजे. १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर पुणे केंद्रावरून गीतरामायण झाले. माडगूळकरांची छप्पन्न गीते, फडक्यांचे संगीत. औरंगाबाद त्या वेळी कागदोपत्री हैदराबाद राज्यात होते, पण मराठी माणसाचा कान मात्र पुण्याकडे लागलेला असे. आठवडाभर वाट पाहून एक गीत मिळावे यातही एक गोडी होती. तथापि वाट पाहण्यात गोडी असली तरी ती सक्तीची होती, हे विसरू नये.

या सक्तीला पहिला तडा ट्रान्झिस्टरने दिला. १९५४ साली अमेरिकेत खिशात मावणारा पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ विक्रीस आला आणि पुढच्या पंधरा-वीस वर्षांत आपल्याकडे तो बैलगाडीच्या जुवावर, सलूनच्या फळीवर आणि क्रिकेटच्या दिवसांत कानाशी दिसू लागला. त्यासाठी टपाल कचेरीतून परवाना काढावा लागे. गाणे आता माणसाबरोबर चालू लागले होते, पण निवड अद्याप केंद्राचीच होती. निवड हाती आली ती कॅसेटमुळे. फिलिप्सने १९६३ साली काढलेली ही चपटी डबी आपल्याकडे खऱ्या अर्थाने पसरली ती १९८० नंतर. गुलशनकुमार यांच्या टी-सीरीजने कॅसेटी इतक्या स्वस्त केल्या की एचएमव्हीची पिढ्यान्‌पिढ्यांची मक्तेदारी मोडली. स्वस्ताईचा हा महिमा नीट ध्यानात घ्यावा, कारण पुढची सारी कथा त्याच्यावर उभी आहे.

महाग तबकडीवर कोणाचा आवाज घ्यायचा हे कंपनी दहा वेळा विचार करून ठरवी. स्वस्त कॅसेटीवर खेड्यातला भजनी, कव्वाल, तमासगीर आणि शाहीर हे सारे आले. मराठवाड्याच्या दृष्टीने यातले सर्वांत मोठे घडले ते भीमगीतांचे. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले, नागसेनवन उभे राहिले, आणि शिकणाऱ्या पोरांबरोबर गाणीही त्या परिसरात आली. वामनदादा कर्डक हे सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. मुंबईत कष्टाची कामे करताना मोठ्या वयात त्यांनी अक्षरओळख करून घेतली आणि पुढे जन्मभर गावोगाव गात हिंडले. प्रल्हाद शिंद्यांचा खडा आवाज तर विठ्ठलाच्या गाण्यापासून भीमगीतापर्यंत सर्वत्र संचार करी. ही गाणी जलशांतून, जयंतीच्या मांडवांतून आणि मग कॅसेटींतून घराघरांत गेली. १४ जानेवारी १९९४ रोजी मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला. तेव्हापासून दरवर्षी त्या दिवशी विद्यापीठाच्या दारापाशी जो जनसागर लोटतो, त्यात पुस्तकांच्या शेजारी गाण्यांचीही दुकाने लागत आली आहेत. कॅसेटीच्या वेष्टनावर फोटो असे, गायकाचे नाव असे, बहुधा गीतकाराचेही असे. म्हणजे निवडही हाती आली आणि नावही शाबूत राहिले. तो काळ या दृष्टीने सुखाचा म्हटला पाहिजे.

आता आपल्या डबीकडे येऊ. तिची मूळ कल्पना जर्मनीतल्या संशोधकांची. ध्वनी अंकांत मांडायचा तर चांगल्या प्रतीच्या तबकडीला सेकंदाला ४४,१०० वेळा मोजमाप घ्यावे लागते, आणि तेही दोन कानांसाठी दोनदा. एवढे अंक साठवायला जागा फार लागते. संशोधकांनी विचार केला की माणसाचा कान सर्व ऐकतो कोठे? गणपतीच्या मिरवणुकीत ढोल दणाणत असता शेजारच्याची कुजबुज ऐकू येत नाही. मग जी कुजबुज ऐकूच येणार नाही ती साठवावी कशाला? अशी काटछाट करून त्यांनी गाणे सुमारे एक-अकरांश आकाराचे केले. १४ जुलै १९९५ रोजी या पद्धतीच्या फायलींना ‘एमपीथ्री’ हे शेपूट लावायचे ठरले. १९९८ साली कोरियात आणि मागोमाग अमेरिकेत अशी गाणी वाजविणाऱ्या डब्या विक्रीस आल्या. त्यांत अर्ध्या तासाचे गाणे मावे, आणि अमेरिकन डबीची किंमत २०० डॉलर, म्हणजे त्या वेळचे साडेआठ हजार रुपये. २०० डॉलर देऊन अर्धा तास! २००१ साली ॲपलचा आयपॉड निघाला, त्याची किंमत ३९९ डॉलर होती.

मोठ्या इतिहासात हीच नावे लिहिली जातात आणि तेथेच प्रकरण संपते. पण एकोणीस हजार रुपयांचा आयपॉड औरंगाबादेत कितीजणांनी घेतला असेल? आमच्याकडे क्रांती झाली ती पुढे सात-आठ वर्षांनी, बिननावाच्या डबीने. आमच्याच पैठण रस्त्यावर चितेगावला व्हिडिओकॉनच्या कारखान्यात टीव्ही संच बनत होते. ही डबी मात्र चीनमधून गोण्यांतून आली आणि पैठण गेट, गुलमंडी, शहागंज या भागांत मोबाइलच्या दुकानांत नि हातगाड्यांवर घड्याळे-गॉगल यांच्या शेजारी पसरली. नखाएवढे मेमरी कार्ड तिच्यात सरकवायचे, कानांत दोन बोंडे घालायची, झाले. आठ जीबीच्या कार्डात सुमारे एकशे चाळीस तासांचे गाणे मावते. गौहरजानच्या मापाने मोजले तर अडीच हजारांहून अधिक तबकड्या होतात, आणि त्या वाहायला दोन बैलगाड्या लागल्या असत्या!

मीही अशी एक डबी घेतली. घासाघीस करून तीनशे रुपयांना पडली. गाणी भरून देण्याचा धंदा त्या काळी जोरात होता. दुकानदाराचा पोरगा संगणकापुढे बसून विचारी, “काका, काय भरू? भक्ती, कव्वाली, भीमगीतं, लावणी, जुनी हिंदी? सगळं मिक्स करून देऊ?” आणि चहा निवण्याआधी कार्ड भरून हातात देई. पन्नास रुपयांत हजार गाणी. यात गीतकाराला आणि गायकाला एक पैही मिळत नसे, हे येथे स्पष्ट लिहिले पाहिजे. २०१२ साली कायद्यात दुरुस्ती होऊन गीतकार-संगीतकारांचा मानधनाचा हक्क पक्का झाला, परंतु या पन्नास रुपयांपर्यंत कायद्याचा हात पोहोचला नाही.

असे असूनही या डबीचा केवळ धिक्कार करणे मला जमत नाही, कारण तिने जे केले ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. दिवाळी झाली की आमच्या मराठवाड्यातून, विशेषतः बीड जिल्ह्यातून, ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. पाच-सहा महिने उसाच्या फडात पालाच्या खोपीत राहायचे. तेथे वीज नाही, रेंज नाही. मी एका फडावर गेलो असता कोयता चालविणाऱ्या बाईच्या गळ्यात डबी लटकत होती आणि तिच्यातून आपल्या गावाकडचे भारूड चालले होते. ते कोणत्याही केंद्राने लावले नव्हते, कोणाच्या मर्जीने थांबणार नव्हते आणि त्याला महिन्याचे भाडे नव्हते. राजेरजवाडे प्रवासात गवई बरोबर नेत. तीनशे रुपयांत त्या बाईला ती सोय झाली होती, आणि ही काही लहान गोष्ट नव्हे.

पण त्याच दिवशी दुसरीही गोष्ट दिसली. फडावरचा एक तरुण मला म्हणाला, “सर, हे गाणं लई भारी आहे, कुणाचं आहे ते सांगा.” मी ऐकले. रचना वामनदादांची. त्यांच्या गीतांत शेवटच्या कडव्यात ‘वामन’ हे नाव गुंफलेले असते, नाथांच्या मुद्रेसारखेच. परंतु कोणीतरी जागा वाचविण्यासाठी गाणे शेवटाच्या आधीच तोडले होते आणि डबीच्या काचेवर नावाच्या जागी नुसता क्रमांक होता. मी नाव सांगितल्यावर त्या मुलाने ते दोनदा म्हणून पाहिले. त्याच्या घरी भिंतीवर वामनदादांचा फोटो होता, असे तो म्हणाला. हे गाणे त्यांचे आहे हे त्याला ठाऊक नव्हते.

त्यानंतर मी या नावाच्या प्रकरणाचा थोडा शोध घेतला. एमपीथ्रीच्या मूळ आराखड्यात गाणाऱ्याच्या नावाला जागाच नव्हती. १९९६ साली ती ठिगळासारखी मागाहून जोडण्यात आली : गाण्याच्या अगदी शेवटी १२८ अक्षरघरे, त्यांतली ३० गाण्याच्या नावाला आणि ३० गायकाच्या नावाला. नाव शेवटी घालण्याची ही योजना पाहून मला मुद्रेची, मक्त्याची आणि गौहरजानची आठवण झाली. पण ही घरे रोमन लिपीच्या मापाची होती. देवनागरीच्या एका चिन्हाला संगणकात तीन घरे लागतात. त्या हिशेबाने ‘वामनदादा कर्डक’ या नावाला चाळीस घरे हवीत. म्हणजे नाव मावतच नाही! पुढे अधिक ऐसपैस पद्धती निघाल्या, पण स्वस्त डब्यांच्या काचेवर मराठी अक्षरांऐवजी चौकोनच उमटत राहिले. आणि जागा म्हणावी तर किती? तीन मिनिटांच्या गाण्यात ही १२८ घरे म्हणजे २२,५०० वा हिस्सा. तेवढ्या जागेचा प्रश्न नव्हताच. गाणी भरणाऱ्या पोराला वेळ नव्हता आणि भरून घेणाऱ्याने विचारले नाही, म्हणून नावे गेली.

ज्यांनी विचारले त्यांचेही उदाहरण महाराष्ट्रातच आहे. जाते गेले, गिरणी आली आणि पहाटेची ओवी थांबली. गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर या दोघांनी खेडोपाडी सहकाऱ्यांसह हिंडून बायकांच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून ‘पारी’ या संस्थेने त्या जगापुढे ठेवण्यास आरंभ केला. त्या कामाचे मोठेपण केवळ संख्येत नाही. ओवीबरोबर गाणारीचे नाव आहे, तिचे गाव आहे. सातव्या लेण्यातल्या बायांना जे मिळाले नाही ते या बायांना मिळाले.

त्यांचे पाहून मीही घरापुरता एक उद्योग केला. माझ्या डबीत आवाज टिपण्याची कळ होती. आमची आत्या तेव्हा ऐंशीच्या पुढे गेलेली, पण ओव्या पाठ. तिच्यापुढे डबी धरून मी अकरा मिनिटांच्या ओव्या टिपल्या आणि शेवटी म्हटले, “आत्या, आता तुझं नाव सांग.” ती हसली. म्हणाली, “ओवीला कुठं नाव राहतंय का बाबा? जी दळील तिची ओवी.” मी तिला गौहरजानची हकिकत सांगितली. मग तिने पदर सावरला आणि आपले माहेरचे नाव, आईचे नाव आणि जात्याचे गाव असे तिन्ही एका दमात सांगितले. ते घरापुरते राहावे ही तिची अट होती, म्हणून येथे देत नाही. आत्या गेली. त्यानंतर दोन वर्षांनी डबीची बॅटरी गेली. तोवर ती अकरा मिनिटे मी चार ठिकाणी उतरवून ठेविली होती, आणि आज घरातली लहान मुले त्या ओव्यांपेक्षा शेवटच्या त्या नावालाच अधिक हसतात नि पुन्हा लावायला सांगतात.

काळ पुढे गेला आहे. २०१६ नंतर मोबाइलवरचे इंटरनेट स्वस्त झाले आणि डबीचे दिवस भरत आले. १० मे २०२२ रोजी ॲपलने आयपॉडही बंद केल्याचे जाहीर केले. आता गाणी जवळ बाळगण्याचे कारण उरले नाही असे तरुण मंडळी म्हणतात. मागितले की मिळते. मिळते हे खरे, पण जोवर देणाऱ्याला द्यावेसे वाटते तोवर. रेडिओच्या काळी निवडीची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला होती, ती पुन्हा तेथेच जाऊन बसली आहे. शिवाय आत्याची ओवी, गावच्या भजनी मंडळाचा हरिपाठ, जयंतीच्या मांडवात कोणीतरी गायिलेले गीत हे मागितल्याने कोठून मिळणार? ते कोणाच्या तरी जुन्या कार्डावरच असते. आणि कार्डाचे आयुष्य फार नसते. त्यात अंक म्हणजे कोंडून ठेविलेला विजेचा सूक्ष्म भार असतो; वर्षानुवर्षे पडून राहिले तर तो ओसरतो. पोथी वाळवीपासून राखावी लागे, तशी ही उतरवून राखावी लागतात.

उतरविण्याची गोष्ट निघाली म्हणून पुन्हा नाथांकडे जातो. ज्ञानेश्वरी लिहून तीनशे वर्षे होत आली होती. नकलांवर नकला झाल्या, लेखकूंच्या हातून पाठ बिघडले, पदरची ओवीही कोणी घातली. शके १५०६, म्हणजे १५८४ साली नाथांनी पैठणात प्रती मिळवून, ताडून ग्रंथ शुद्ध केला. नक्कल स्वस्त झाली की अशुद्धही होते, हा तेव्हाचा अनुभव आणि आताचाही. नकला करू नका असे नाथांनी म्हटले नाही. त्यांनी बसून ताडून पाहिले. आपल्यावर आलेले काम त्याच जातीचे आहे. आवाका तेवढा लहान.

दिवाळीच्या आवराआवरीत घरोघरी कपाटांचे कप्पे रिकामे होतात. त्यांत कोठेतरी एखादी बंद पडलेली डबी, दोन-चार कार्डे, एखादी कॅसेट निघेल. ती भंगारात देण्याआधी ऐकून पाहावी, चालत असेल तोवर उतरवून घ्यावी, आणि घरातल्या वडील मंडळींना जवळ बसवून विचारावे की हे कोण गातेय, गीत कोणाचे, गाव कोणते. मुलांना अक्षर चांगले असते. त्यांनी वहीत क्रमांक घालून लिहावे. फराळाच्या दोन ताटांमध्ये होण्याजोगे हे काम आहे. ज्यांची नावे अजून कोणाला तरी ठाऊक आहेत, त्यांचीच नावे लिहून ठेवता येतात, आणि ती ठाऊक असलेली माणसे या दिवाळीला आपल्याबरोबर फराळाला बसलेली आहेत.